सायकलीचे किलोमीटर आणि दुकानातील जमाखाते

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गट-सभांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव येतो तेव्हा लागण, खोडवा, खतांचे हप्ते हे विषय झाले की अलीकडे एक वेगळाच प्रश्न निघतो. कोणाचा मुलगा पुण्यात शिकतो, कोणाची पुतणी परदेशी नोकरीला आहे. "साहेब, सायकल चालवली की मोबाइलवर गुण पडतात आणि त्या गुणांवर दुकानात माल मिळतो म्हणतात. हे खरं का नुसती फसवणूक?" असे विचारणारे सभासद पुष्कळ भेटतात. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून ही माहिती देत आहोत.

थोडक्यात उत्तर असे की, हे खरे आहे. युरोपातील काही नगरपालिकांनी आणि सरकारांनी सायकलीच्या प्रवासाचा मोबदला रीतसर देऊन दाखविला आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी मोजमाप, दर आणि पैसा यांची व्यवस्था निराळी आहे. एक योजना चांगली निघाली म्हणून तिच्यासारखी दिसणारी दुसरीही चांगलीच असेल असे नाही. ऊस उत्पादकाला ही गोष्ट समजणे अवघड जाऊ नये. आपण माल काट्यावर नेतो, वजनाची पावती घेतो, दर पाहतो, कपाती पाहतो. इथे माल म्हणजे सायकलीने कापलेले अंतर, एवढाच फरक.

या व्यवहारात कोण कोण असते?

या व्यवहारात चार पक्ष असतात. पहिला सायकल चालविणारा. दुसरा मोजणारा, म्हणजे मोबाइलवरील ॲप आणि ते चालविणारी कंपनी. तिसरा पैसा पुरविणारा. तो नगरपालिका असेल, नोकरी देणारा मालक असेल किंवा एखादी कंपनी आपल्या जाहिरातीच्या खर्चातून देत असेल. चौथा दुकानदार, जो गुण घेऊन माल देतो किंवा किमतीत सूट देतो.

काही ठिकाणी मोजणारा, पैसा देणारा आणि दुकानदार हे तिन्ही एकच असतात. अशा ठिकाणी जास्त चौकशी करावी. काटाही त्याचा, दरही त्याचा आणि मालही त्याचाच, असे असले म्हणजे हिशेब तपासायला त्रयस्थ कोणी उरत नाही.

बोलोन्या शहराचे उदाहरण

इटलीच्या उत्तरेस बोलोन्या नावाचे जुने शहर आहे. हा मुलूख सहकाराचा म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या सभासदांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे बोलोन्याजवळच मिनर्बिओ येथे साखर-बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९६२ साली स्थापन झाली. युरोपचे साखर धोरण २००६ साली बदलले आणि इटलीतील बहुतेक साखर कारखाने बंद पडले, त्यातूनही ती टिकून राहिली. म्हणजे ही मंडळी आपल्याच व्यवसायातली म्हणावयाची!

या शहराच्या वाहतूक संस्थेने २०१७ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात 'बेला मोस्सा' नावाची योजना चालविली. नावाचा अर्थ साधारण 'छान चाल खेळलात' असा होतो. तिला युरोपीय संघाचे अर्थसाहाय्य होते आणि मोजणीसाठी 'बेटरपॉइंट्स' या ब्रिटिश कंपनीचे ॲप घेतले होते. मोटार घरी ठेवून जो पायी, सायकलीने, बसने किंवा आगगाडीने जाईल त्याच्या खात्यावर गुण जमा होत. त्या गुणांवर गावातील दुकानांत, आइस्क्रीमच्या दुकानात, सिनेमागृहात सूट मिळे.

या योजनेतील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. गुण किलोमीटरवर नव्हते, खेपेवर होते. आणि दिवसाला जास्तीत जास्त चार खेपा धरल्या जात. असे का केले असावे? किलोमीटरवर गुण दिले असते तर हौशी सायकलपटू रविवारी डोंगरावर जाऊन शंभर किलोमीटर फिरून आला असता आणि सगळे गुण तोच घेऊन गेला असता. शहराला त्याचा उपयोग काय? भाजी आणायला अर्धा किलोमीटर जाणारी म्हातारी बाई मोटारीत बसली नाही, याचा उपयोग शहराला जास्त. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात हवा कोंडून राहते आणि धुराचा त्रास वाढतो. तेव्हा रस्त्यावरची मोटार कमी होणे हे त्यांचे खरे पीक. ज्या गोष्टीचे पीक हवे तिलाच खत घालावे, हे आपण जाणतोच.

दर आणि कमाल मर्यादा : बारी व मासारोसा

इटलीच्याच दक्षिणेस समुद्रकाठी बारी हे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने २०१९ साली किलोमीटरवर रोख पैसे देण्याची योजना सुरू केली. घर ते कामाची जागा किंवा घर ते शाळा या प्रवासाला किलोमीटरला २० सेंट आणि इतर फिरण्याला ४ सेंट असा दर ठेवला. (१०० सेंटचा एक युरो. २०२४ साली एक युरो म्हणजे सुमारे ९० रुपये होते.) याला दिवसाला एक युरो आणि महिन्याला २५ युरो अशी मर्यादा घातली.

आता हिशेब करून पाहू. एखाद्याचे कामाचे ठिकाण ३ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ६ किलोमीटर झाले. २० सेंटने १ युरो २० सेंट होतात, पण दिवसाची मर्यादा एक युरोची, म्हणून हाती एकच युरो. महिन्यात २५ दिवस गेला तर २५ युरो. ज्याचे ठिकाण ८ किलोमीटरवर आहे त्यालाही तेवढेच. म्हणजे दर मोठा दिसला तरी खरा आकडा मर्यादेने ठरतो. जाहिरातीत दर ठळक छापतात आणि मर्यादा बारीक अक्षरात असते, म्हणून आधी मर्यादा वाचावी.

पैसा कोठून येतो हेही पाहावयास हवे. तोस्काना भागातील मासारोसा या लहान गावाने २०१५ साली सायकलने कामावर जाणाऱ्यांना किलोमीटरला २५ सेंट, महिन्याला जास्तीत जास्त ५० युरो देण्याचे जाहीर केले. त्यासाठी निधी काढला तो वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या दंडातून! युक्ती नामी खरी, पण तिची दुसरी बाजूही आहे. दंड कमी जमा झाला तर सायकलवाल्यांचा वाटाही आटणार. बोलोन्याच्या योजनेमागे युरोपीय संघाचे अनुदान होते, आणि अनुदानाला मुदत असते. ज्या झऱ्यावर पाट काढला तो किती महिने वाहतो, हे शेतकऱ्याने आधी विचारावे.

हा काटा चालतो कसा?

उसाचे वजन करताना भरगाडी काट्यावर जाते, मग रिकामी जाते, वजाबाकी होऊन निव्वळ वजन निघते. सायकलीचे अंतर आकाशातून मोजतात. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात व त्यांच्यावर फार अचूक घड्याळे बसविलेली असतात. उपग्रहाकडून निघालेला संदेश मोबाइलपर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कोठे उभे आहोत ते ठरते. यालाच जीपीएस म्हणतात.

मोबाइल ठराविक वेळाने एकेक खूण नोंदवीत जातो आणि लगतच्या दोन खुणांमधील सरळ अंतरांची बेरीज करतो. शेताची मोजणी करताना वाकड्या बांधावर साखळी सरळ ताणली तर लांबी कमी भरते. इथेही तसेच होते. खुणा दूरदूर पडल्या तर वळणाचा रस्ता कमी भरतो. उलट, माणूस चहाच्या टपरीवर उभा असला तरी खूण थोडी इकडेतिकडे हलत राहते आणि न चाललेले मीटर वाढू शकतात. उघड्यावर मोबाइलची चूक साधारण पाच मीटरच्या आत असते. उंच इमारतींत आणि दाट झाडीत ती वाढते. ॲप चांगले असेल तर अशा खोट्या खुणा गाळून टाकते.

आता लबाडीचा प्रश्न. मोबाइल खिशात टाकून मोटारसायकलवर फिरले तर? वेग पाहून बरेचसे कळते. सायकल सपाट रस्त्यावर ताशी साठने पळत नाही आणि सिग्नलवरून सुटताना मोटारसायकलसारखी उसळत नाही. पण मुद्दाम हळू चालविणाऱ्याला पकडणे अवघड. म्हणून बारीच्या योजनेत 'पिन बाइक' या तिथल्याच कंपनीचे एक लहान यंत्र सायकलीवर बसविले. ते यंत्र मोबाइलशी जोडलेले असते, त्यामुळे प्रवास त्याच सायकलीने झाला याची खात्री पटते. पुढे इटलीतील आणखी काही शहरांनी हे यंत्र घेतले आणि काही ठिकाणी रोख रकमेऐवजी गावातील दुकानांत चालणारी खरेदी-कुपने दिली.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. काट्यावर विश्वास नसेल तर प्रामाणिक माणूस पहिल्यांदा निघून जातो आणि मागे लबाड तेवढे राहतात. एकाने फुकटचे किलोमीटर घातले तर ते दुसऱ्याच्या वाट्यातून जातात, कारण निधी ठरलेला असतो. उसाच्या फडात कोणी मोळीत माती-पाचट घालून वजन वाढविले तर उतारा सगळ्यांचाच खाली येतो, तसाच हा प्रकार.

दुकानदाराला हे परवडते कसे?

हा प्रश्न सभासदांनी हटकून विचारावा असा आहे. समजा, दुकानदार ८० रुपयांना घेतलेला माल १०० रुपयांना विकतो. त्याने आपणास १०० रुपयांची जमा दिली तर त्याच्या पदरचे ८० रुपये जातात. पण माणूस दुकानात गेला की नेमका शंभराचाच माल घेऊन परत येत नाही. समजा त्याने ३०० रुपयांचा माल घेतला. १०० जमेतून गेले आणि २०० रोख दिले. त्या २०० वर दुकानदाराला ४० रुपये सुटले. म्हणजे १०० रुपयांची जमा त्याला ४० रुपयांत पडली, आणि एक गिऱ्हाईक दारात आले ते वेगळेच. ज्यांनी गुण जमवले पण मुदतीत वापरले नाहीत, त्यांच्यापायी त्याला काहीच खर्च नाही.

यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. दुकानदारी अशीच चालते. मात्र यावरून रोख रक्कम आणि दुकानातील जमा यांतला फरक ध्यानात यावा. रोख १०० रुपये खिशात आले तर त्याचे बियाणे घ्या, औषध घ्या, नाहीतर पतपेढीत टाका. जमा मात्र त्याच दुकानात, त्याच्याच भावाने आणि त्याने घातलेल्या मुदतीत वापरावी लागते. नगरपालिका जेव्हा कुपनाची पूर्ण रक्कम मागाहून दुकानदाराला देते तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे पैसा गावातल्या गावात फिरतो आणि लहान दुकानदारालाही आधार मिळतो.

बक्षीस वेगळे, हक्क वेगळा

नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत सायकलीचा मोबदला बक्षीस म्हणून न देता प्रवास भत्ता म्हणून देतात. नेदरलँड्समध्ये मालकाने कामगाराला कामावर येण्याजाण्याचा भत्ता दिला तर ठराविक दरापर्यंत त्यावर कर लागत नाही, मग तो मोटारीने येवो की स्वतःच्या सायकलने. हा दर २०२३ साली किलोमीटरला २१ सेंट आणि २०२४ साली २३ सेंट होता. बेल्जियममध्ये तर खाजगी क्षेत्रातील ज्या कामगारांना असा भत्ता आधीच्या कोणत्याही कराराने मिळत नव्हता, त्यांनाही १ मे २०२३ पासून किलोमीटरला २७ सेंटचा हक्क मिळाला. त्याला एका बाजूला २० किलोमीटरपर्यंतची मर्यादा ठेवली. हे कामगार संघटना आणि मालक यांच्यातील राष्ट्रीय कराराने झाले.

इथे गुण नाहीत आणि दुकानही नाही. रक्कम पगाराबरोबर येते. घर ते कामाची जागा हे अंतर एकदा ठरले की रोज उपग्रहाने मोजण्याचीही तशी गरज राहत नाही. आपल्याकडे ऊस वाहतुकीचा दर अंतराच्या टप्प्यांवर ठरतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडच्या जुन्या नोकरदारांना सायकल भत्ता हा शब्दही नवा नाही.

बक्षीस देणाऱ्याला ते केव्हाही बंद करता येते. करारातला हक्क असा एकतर्फी काढून घेता येत नाही. गुणांच्या योजनेत भाग घेणाऱ्याला दर ठरविताना मत नसते, वार्षिक सभा नसते, ताळेबंद मागता येत नाही. सभासदाचा भाग आणि दुकानाचे गुण यांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो घरातील तरुणांना समजावून सांगावा.

सर्वांत मोठी किंमत : आपला रस्ता

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला ती गोष्ट सांगतो. गुण फुकट मिळतात असे वाटते, पण आपण त्याबदली काहीतरी देत असतो. आपण किती वाजता घर सोडतो, कोणत्या रस्त्याने जातो, कोठे थांबतो, घर किती वेळ बंद असते, ही सारी माहिती मोजणाऱ्याच्या वहीत जाते.

'स्ट्रावा' हे अमेरिकेत २००९ साली सुरू झालेले ॲप सायकल चालविणारे आणि धावणारे लोक जगभर वापरतात. या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व वापरणाऱ्यांच्या प्रवासाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. जिथे रहदारी जास्त तिथे रेघ जास्त उजळ. त्यात कोणाचे नाव नव्हते. तरी जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की अफगाणिस्तान, सीरिया अशा देशांत ओसाड वाळवंटामध्ये उजळ रेघा दिसत आहेत. ते सैनिकी तळ होते. सैनिक व्यायामाला धावताना मोजणी चालू ठेवीत होते, आणि त्यांच्याच पावलांनी तळाचा आराखडा जगापुढे मांडला! जिथे लष्कराच्या ध्यानात आले नाही तिथे आपल्या पोरांच्या कोठून येणार?

भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. उपाय सोपे आहेत. बऱ्याच ॲपमध्ये घराभोवतीचा भाग नकाशावरून झाकण्याची सोय असते, ती चालू करावी. आपला प्रवास सर्वांना दिसावा की फक्त आपल्याला, हे निवडता येते. 'फक्त मला' हेच ठेवावे. सायकलवरून उतरल्यावर मोजणी बंद करावी. मुलींच्या आणि शाळकरी मुलांच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांनी हे स्वतः तपासून पाहावे.

नाव नोंदविण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) मोजणी कशाची? किलोमीटरची, खेपेची की दिवसाची?

२) दिवसाची आणि महिन्याची कमाल मर्यादा किती?

३) पैसा कोण देतो आणि योजना किती मुदतीची आहे?

४) गुण किती दिवसांत वापरले नाहीत तर बुडतात?

५) किती गुणांना किती रुपये, हा दर लिहून दिला आहे का? तो मध्येच बदलण्याचा अधिकार कोणी राखून ठेवला आहे?

६) मोजणी चुकली तर तक्रार कोणाकडे करावयाची?

७) आपल्या प्रवासाची माहिती कोणाला दिली जाते आणि खाते बंद केल्यावर ती पुसली जाते का?

८) सुरुवातीला आपल्याकडूनच पैसे मागतात का? मागत असतील तर तिथेच थांबावे. काट्यावर माल घालायला कोणी पैसे भरत नाही. तुम्ही भरा आणि आणखी चार जण आणा, म्हणजे गुण वाढतील, असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

तात्पर्य

सायकल चालविणे चांगलेच. पेट्रोल वाचते, पाय मोकळे होतात, आणि पाच-सात किलोमीटरच्या कामाला गाडी काढण्याची गरज नाही. त्यावर चार पैसे मिळत असतील तर जरूर घ्यावेत. पण गुणांसाठी सायकल घेऊ नये, आणि गुणांसाठी गरज नसलेली खरेदीही करू नये. महिन्याअखेर किती गुण आले, त्याचा किती रुपयांचा माल मिळाला आणि त्यापायी पदरचे किती खर्च झाले, असे तीन आकडे वहीत मांडले की योजना फायद्याची की तोट्याची ते आपोआप कळते.

ज्या सभासदांच्या घरी अशा एखाद्या योजनेत कोणी भाग घेतला असेल त्यांनी तिच्या अटी-शर्तींचा कागद किंवा मोबाइल घेऊन गट कार्यालयात यावे. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो; तो वाचून, मराठीत सांगून देण्याची व्यवस्था आम्ही करू. येताना ऊस नोंदीची पावतीही आणावी, म्हणजे लागण तारखेची आणि क्षेत्राची पडताळणी त्याच फेरीत होऊन जाईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी